पापड लाल का पडले

उडदाच्या पिठात पापडखार पडला की एक वास येतो. ओलसर, किंचित कडू, हिंगा-मिऱ्यांच्या आडून नाकात शिरणारा. गेल्या रविवारी मुलुंडला भावाच्या घराचं दार उघडल्या उघडल्या तो आला आणि माझं डोकंच फिरलं. बिचाऱ्या वासाचा काही दोष नाही. पण एप्रिल-मे आला, कुणाच्या गच्चीवर साड्या अंथरून काही वाळत घातलेलं दिसलं, की मी विनाकारण कुणावर तरी खेकसते. माझ्या घरच्यांना त्याची सवय आहे. त्यामागचं कारण त्यांना माहीत नाही.

यंदा आईला हुक्की आली होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, दोन्ही गुडघे बदललेले आहेत, पण एकदा शेवटचे म्हणून घरचे पापड करायचे होते. मदतीला मला बोलावलं. सतराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरलेली, पोळपाट मांडलेले, आणि माझी भाची रेवा, साडेदहा वर्षांची, आतल्या खोलीच्या दाराला टेकून लांबूनच बघत उभी. आदल्याच दिवशी तिने मला फोन केला होता. "आत्या, माझे पिरियड्स सुरू झाले. शाळेत शिकवलंय आम्हाला, सो मी अजिबात घाबरले नाही." शाळेला सुट्टी लागल्याची बातमी द्यावी तशी तिने ती दिली होती, आणि मी फोन ठेवून उगाचच स्वतःसाठी चहा करून घेतला होता, इतकं बरं वाटलं.

"ये गं, लाटायला बस," मी तिला म्हटलं.

तर माझी वहिनी, जिच्या हाताखाली बँकेत पंचवीस माणसं आहेत, खाली वाकून हळूच म्हणाली, "आज तिला नको, ताई. पापड लाल पडतात म्हणतात. आपण मानत नाही, पण उगाच कशाला?"

मानत नाही, पण उगाच कशाला. माझं अख्खं पंधरावं वर्ष या 'उगाच कशाला'ने खाल्लं. मी उठले, रेवाचा हात धरला आणि तिला माझ्या शेजारी पोळपाटासमोर बसवलं. आई लाट्या करत होती, तिने मान वर केली नाही.

ऐंशीच्या दशकातली विक्रोळी. आमची चाळ दोन मजल्यांची. गच्चीवरून एका बाजूला पवईच्या टेकड्या दिसायच्या, दुसऱ्या बाजूला खाडीकडची हिरवी काळपट झाडी. बाबा कारखान्यात, शेजारचे काका कारखान्यात, भोंगा झाला की सगळ्या गॅलऱ्यांतून एकाच वेळी डबे घेऊन पुरुष खाली उतरायचे. ते गेले की चाळ बायकांची. आणि मे महिन्यात चाळ राणेकाकूंची.

राणेकाकू आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मालवणकडच्या, ठेंगण्या, दोन्ही दंडांवर गोंदलेलं. कुणाचं पीठ कधी कुटायचं, कुणी कुठल्या दिवशी गच्ची घ्यायची, कुणाच्या फेण्यांना ऊन लागेल आणि कुणाच्या कुरडयांना सावली, हे सगळं त्या ठरवायच्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण कधी 'बाजूला' बसणार हे त्यांना त्या त्या बाईच्या आधी माहीत असायचं. त्या चार दिवसांत बाईने पापडाला हात लावला तर तळताना पापड लाल पडतो. लोणच्याच्या बरणीवर नुसती सावली पडली तरी बुरशी येते. हे कुणी सिद्ध करायच्या भानगडीत पडलं नव्हतं. चाळीत वीसेक खोल्या, प्रत्येकीत दोन-तीन बायका, त्यामुळे मे महिन्यात रोज कोणी ना कोणी बाजूला असायचंच आणि पापड लाटायला हात कमी पडायचे.

मी मात्र कधीच बाजूला नसायचे. माझ्या बरोबरीच्या सगळ्या मुली बारा-तेराच्या आत न्हात्या झाल्या होत्या. मी चौदा पुरी केली तरी तशीच. काटकुळी, सपाट, फ्रॉकमधली. त्यामुळे माझे हात बाराही महिने चालणारे. "नंदूक बोलव," की निघाले. बाजूला बसलेल्या बाईला वरून पाणी वाढायला नंदू, तिच्या पोराला आंघोळ घालायला नंदू, बरणीचं झाकण उघडायला नंदू. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत मी गच्चीच्या जिन्यात बसून पापड लाटायचे. कंबर मोडायची. आणि ज्या तोंडाने कौतुक व्हायचं, त्याच तोंडाने पुढचं वाक्य यायचं.

"माझ्या पापडाक हिचोच हात व्हयो," राणेकाकू म्हणायच्या, आणि मग आवाज न उतरवता आईला, "पण गो, चेडू चौदा वर्सांचा झाला. अजून काय नाय? दाखव कोणाक तरी."

माझ्यासमोर. माझ्याच हातचा पापड उन्हात टाकता टाकता. मला ते लाटणं घेऊन खाली उडी मारावीशी वाटायची.

आईने दाखवलंसुद्धा. घाटकोपरला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझे डोळे बघितले, वजन केलं आणि म्हणाल्या, "अहो, कुणाला दहाव्या वर्षी येते, कुणाला बाराव्या-तेराव्या, कुणाला पंधरा उजाडतं. प्रत्येकीचं शरीर वेगळं. सोळापर्यंत थांबा, तोवर हिला नीट खायला घाला." किती शहाणं, किती साधं वाक्य. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. पण जिना उतरताना आई म्हणाली, "ह्यांना काय कळतंय," आणि आमच्या घरी मेथीचे लाडू, गूळ-तीळ, पपई असं सगळं माझ्यावर सुरू झालं. त्या मेमध्ये मी इतकी पपई खाल्ली की आजही ती बघितली की मी दुसरीकडे तोंड वळवते.

माझी मैत्रीण मंगल. खालच्या मजल्यावरची, कांबळ्यांची. तिची आई म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात आया होती, तिने मंगलला दहाव्या वर्षीच सगळं समजावून ठेवलं होतं. मंगलला बाराव्या वर्षी आली आणि त्याच संध्याकाळी ती मैदानावर खो-खो खेळत होती. "आमच्याकडे नाही हे बाजूलाबिजूला," ती म्हणायची, "आई म्हणते कपडा नीट घे, स्वच्छ राहा, आणि अभ्यासाला बस. सुट्टी नाही काय नाही, यार." मला तिचा भयंकर हेवा वाटायचा. तिला कुणीच पापड लाटायला बोलवत नाही, किती सुखी आहे, असं वाटायचं. राणेकाकू मंगलला महिन्याच्या कुठल्याच दिवशी का बोलवत नाहीत, हा प्रश्न मला त्या वयात एकदाही पडला नाही. आता पडतो, आणि स्वतःचीच शरम वाटते. आम्ही चार दिवस बाजूला बसण्याचं रडगाणं गायचो, ती पोरगी राणेकाकूंच्या लेखी वर्षभर बाजूलाच होती.

संध्याकाळी मुली जिन्याच्या वळणावर बसायच्या. मी गेले की गप्प व्हायच्या. एखादी म्हणायची, "नंदू आली, विषय बदला." मंगल चिडायची, "ए, बसू दे ना तिला," पण बाकीच्या नुसत्या हसायच्या. दिवसभर बायकांमध्ये मी एकटी शुद्ध, संध्याकाळी मुलींमध्ये मी एकटी बिनकामाची. मला दोन्हीकडून काढून टाकलं होतं.

शेवटी एका सकाळी, राणेकाकूंचं तिसरं पीठ कुटून तयार होतं आणि आईने हाक मारली, "नंदू, चल, वर बोलावतायत," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही येता येणार. मला आली."

ठरवून बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मलाच धक्का बसला.

आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. ती आधी दाराकडे धावली, मग परत आली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली आणि मध्येच थांबली, कारण आता शिवायचं नव्हतं. ट्रंकेतून जुन्या मऊ साडीचे तुकडे काढून तिने माझ्यापुढे लांबून टाकले, घ्यायचे कसे ते भिंतीकडे बघत सांगितलं. "पोटात दुखतंय का?" तिने विचारलं. दुखतं हे मला कुठे माहीत होतं! "नाही," मी म्हटलं, "अजिबात नाही."

दहा बाय बाराच्या खोलीत बाजूला कुठे बसणार? दाराजवळ गोणपाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. बाबा कामावरून आले की माझ्याकडे न बघता अंग चोरून आत जायचे आणि चहा पिऊन गॅलरीत उभे राहायचे. आठ वर्षांचा भाऊ चुकून माझ्या अंगावर पडला तर त्याला डोक्यावरून पाणी. मी चार दिवस त्या गोणपाटावर कोरडी ठणठणीत बसून होते. पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी पाठ आखडली. तिसऱ्या दिवशी कळलं की पापड लाटणं यापेक्षा बरं होतं, पण आता सांगणार कुणाला?

पाचव्या दिवशी राणेकाकू नारळ घेऊन आल्या. न्हाऊ घातलं, नवा परकर-पोलका, ओटी भरली, आईने केळं घालून शिरा केला. माझ्या खोटेपणाची ओटी भरली जात होती आणि आई पदराने डोळे टिपत होती. "बरा आसा चेडू. कायएक त्रास नाय तिका," राणेकाकूंनी चाळभर सांगितलं. जिन्यातल्या मुलींनी सरकून जागा दिली. त्यांच्या गुप्त गोष्टी म्हणजे काय, तर कुणाचा कपडा कुठे डागला आणि कुठल्या हिरोचे केस चांगले. एवढ्यासाठी! मंगलने तेवढं विचारलं, "खरंच आली? मला पहिलं सांगणार होतीस ना?" तिला मी त्या आधीच्या वर्षीच वचन दिलं होतं. मी म्हटलं, "हो गं, आली." तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

मग दर महिन्याला नाटक. जूनमध्ये, जुलैमध्ये, सत्तावीस-अठ्ठावीस दिवस मोजून मी बसायचे. कोरडा कपडा मोरीत नेऊन पाण्यात बुडवायचा, पिळायचा, दोरीवर बाबांच्या धोतराखाली लपवून वाळत घालायचा. दोनदा तर मी गणिताच्या चाचणीच्या दिवशी मुद्दाम बसले नाही, दोन दिवस पुढे ढकललं, कारण गोणपाटावर बसून अभ्यास झालाच नसता. जुलैमध्ये राणेकाकूंनी मे महिन्यातले पापड तळले आणि ते लालभडक पडले. काय गहजब! "कोणीतरी लपवल्यान!" त्यांनी आईला सुनावलं की तुझ्या चेडवाला आधीच आली असणार, आणि तिने विटाळाच्या हाताने माझे पापड लाटले. जे पापड मी संपूर्ण चाळीत सगळ्यात सोवळ्या हाताने लाटले होते, त्यांचा ठपका माझ्या न आलेल्या पाळीवर आला. पापडखार जास्त झाला की पापड लाल पडतो, हे मला लग्नानंतर एका पापड करणाऱ्या बाईंनी सांगितलं. तो खार राणेकाकूंनी स्वतःच्या मुठीने घातला होता.

तरीही गणपतीत त्यांची गौर आणायला त्यांनी माझीच निवड केली. त्यांच्या मोजणीप्रमाणे मी पाचच दिवसांपूर्वी न्हाले होते, म्हणजे निर्धोक. पवईच्या उतारावर तेरडा माजलेला असायचा. सकाळीच चार बायका, मी आणि सुपात घालायला हळद-कुंकू. गौर आणणाऱ्या मुलीने घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून तोंडात पाण्याची चूळ. तेरड्याची जुडी हातात घेतली आणि माझ्या पोटात काहीतरी पिळल्यासारखं झालं. वाटलं, उपाशी आहे म्हणून. थोडं चालल्यावर पुन्हा. कंबरेपासून मांड्यांपर्यंत कळ उतरत गेली, डोळ्यांसमोर काळे ठिपके यायला लागले. मला समजलं. इतके महिने जिचं सोंग केलं, ती आली होती.

तोंडात चूळ, हातात गौर, मागे चार बायका. ओरडता येत नव्हतं, बसता येत नव्हतं. दर दारात थांबून पायांवर दूध-पाणी घेतलं, पावलांचे ठसे उमटवत आत गेले. राणेकाकूंनी माझं तोंड कुरवाळून विचारलं, "गौरी, काय घेऊन इलंस?" आणि मी चूळ टाकून ठरलेलं उत्तर दिलं, "धन-धान्य, सुख-समाधान." मग सार्वजनिक संडासात जाऊन कडी लावली आणि कपाळ दरवाजाला टेकवून उभी राहिले.

कुणाला सांगणार होते? आईला ती बातमी एकदा देऊन झाली होती. ओटी भरून झाली होती, शिरा खाऊन झाला होता, मंगलला सांगून झालं होतं. आणि पोट दुखतं असं म्हणायचीही सोय नव्हती, मला त्रास होत नाही हे चाळीला पाठ होतं. आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं, आई स्टोव्हपुढे घामाघूम. "नंदू, वडे वाढ," तिने हाक मारली आणि मी वडे वाढले. पंचवीस-तीस पानं. प्रत्येक वेळी वाकले की कळ. त्या रागाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. राणेकाकूंचा राग, आईचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट, ती मी एका दुपारची सुटका मिळावी म्हणून आधीच उधळून टाकली होती.

हे सगळं डोक्यात चालू असताना मी रविवारी मुलुंडच्या हॉलमध्ये पापड इतके जोरात लाटत होते की पोळपाट हलत होता. रेवाचे पापड कुठल्याही बाजूने गोल नव्हते, पण ती रमली होती. वहिनी आतून पाणी आणायला गेली तशी रेवाने विचारलं, "आजी, आत्याला कितव्या वर्षी आले होते? मला सगळ्यांचा चार्ट करायचाय."

"चौदा पुरी झाली होती," आई म्हणाली. "मे महिन्यात." मग तिने लाटी हातात तशीच धरली. "नाही. मे महिन्यातली खोटी होती."

माझं लाटणं थांबलं.

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? सकाळी तासभर पाणी यायचं, तांब्या तांब्या मी मोजून वापरायचे. कपडा धुवायला तुला एक तांब्या पुरायचा. एका तांब्यात कधी निघतो का तो? सप्टेंबरपासून तुला अर्धी बालदी लागायला लागली, तेव्हा म्हटलं, हं, आता आली."

चाळीस वर्षं! मला हसावं, रडावं की ते पीठ फेकावं हे कळेना. "मग बोलली का नाहीस? चार चार दिवस मी त्या गोणपाटावर..."

"बोलून काय करू? सगळ्यांची तोंडं बंद झाली होती ना एकदाची. मी खरं काढलं असतं तर राणेकाकूंनी परत सुरू केलं असतं." तिने हातातली लाटी बोटांनी चपटी केली. "मलाही दर दिवशी तेच ऐकायचा कंटाळा आला होता गं."

म्हणजे त्या खोलीत आम्ही दोघी एकच खोटं बोलत होतो, आणि एकमेकींना सांगत नव्हतो. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाटलं, एवढ्याशा खोलीत एवढं अंतर ठेवायला आपण शिकलो तरी कुठे?

"मग खरी कधी आली?" आईने विचारलं. "दिवस नाही मला कळला."

"राणेकाकूंची गौर आणली त्या दिवशी. पवईच्या वाटेवर. गौर हातात असताना."

रेवा माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. आईने हातातली लाटी ताटात ठेवली. मला वाटलं, आता ती कपाळाला हात लावणार. गौर बाटली म्हणणार, त्या वर्षी पुढे काय काय वाईट झालं ते आठवून बघणार, देवघराकडे बघून काहीतरी पुटपुटणार. चाळीस वर्षांनी का होईना, मी भांडायला तयार होऊन बसले.

"त्या दिवशी तू सगळी पंगत वाढलीस," ती म्हणाली. "मीच हाक मारत होते तुला." मग पिठाने माखलेला हात तसाच माझ्या गुडघ्यावर ठेवला. "दुखलं होतं का गं?"

"हो," मी म्हटलं. "खूप."